लेकीच्या सिकलसेलची गोष्ट चारचौघांत सांगावी का?

वाचकाचे पत्र

आदरणीय मॅडम,

मी भंडारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. माझ्या मोठ्या मुलीचा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एसएस पॅटर्न आहे, म्हणजे सिकलच्या जनुकाच्या दोन प्रती असल्याने तिला आजार आहे, आणि आम्ही दोघे नवरा-बायको एएस, म्हणजे एकच प्रत असलेले वाहक आहोत. येत्या २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, तालुक्याच्या महाविद्यालयाने मला ‘विज्ञान आणि माझे आयुष्य’ या विषयावर बोलायला बोलावले आहे. मुलगी त्याच महाविद्यालयात अकरावीला आहे.

पहिले सहा महिने बाळ अगदी गुटगुटीत होते. आठव्या महिन्यात एका रात्री तिच्या दोन्ही हातांची बोटे सुजली आणि ती रडून रडून थकली. सासूबाईंना वाटले, दृष्ट लागली. निरगुडीचा पाला गरम करून बांधला, एका डॉक्टरांनी सांधेवात सांगितला, नंतर एका बाबांकडेही फेऱ्या मारल्या. पुढे गावात तपासणीचे शिबिर आले. टेक्निशियनने तिच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब नळीत टाकला आणि नळीमागे रेघा मारलेला कागद धरला. मला रेघा दिसल्याच नाहीत. पक्का अहवाल येईपर्यंत कित्येक आठवडे गेले.

आता घरात मतभेद आहेत. ननंदेचे लग्न जमवणे चालू आहे, त्यामुळे सासूबाई म्हणतात, “घरातले रक्त चव्हाट्यावर मांडू नकोस.” यजमान म्हणतात, “तू ठरव.” मुलगी म्हणते, “तुला वाटेल ते कर.” मला स्वतःला भीती वाटते ती अशी की, हा ‘त्यांच्या समाजाचा’ आजार म्हणून लोक आधीच बोट दाखवतात, त्यात माझ्या बोलण्याने भर पडेल. शिवाय मी काही शास्त्रज्ञ नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही तिसऱ्या महिन्यात गर्भाची तपासणी करून घेतली होती. तेही सांगावे का? आणि डॉक्टर आणि बाबांचे काय सांगावे?

आपली,
एक शिक्षिका, भंडारा जिल्हा

उत्तर

ताई,

तुम्ही बोलावे, असे मला मनापासून वाटते. मात्र त्याआधी घरातल्या माणसांशी काही बोलणी व्हायला हवीत, आणि तीही फेब्रुवारी उजाडण्याच्या बऱ्याच आधी. त्या बोलण्यांविषयी मी पुढे सविस्तर लिहिते. आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे तुमचे लक्ष वेधते, कारण तुमचे सगळे भाषण त्या वाक्यात आहे आणि ते तुमच्या लक्षात आलेले दिसत नाही. ते वाक्य म्हणजे “मला रेघा दिसल्याच नाहीत.”

मी आयुष्याचा बराच काळ रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे आणि ती नळी मी रोज हाताळली आहे. त्या नळीत फॉस्फेटचे दाट द्रावण असते, त्यात लाल पेशी फोडणारे सॅपोनिन आणि हिमोग्लोबिनमधला प्राणवायू काढून घेणारे सोडियम डायथायोनाइट मिसळलेले असते. नेहमीचे हिमोग्लोबिन या द्रावणात विरघळलेलेच राहते, त्यामुळे नळीतून आरपार दिसते आणि मागच्या काळ्या रेघा स्पष्ट मोजता येतात. सिकल हिमोग्लोबिन मात्र प्राणवायू सुटताच विरघळेनासे होते, नळी गढूळ होते आणि रेघा दिसेनाशा होतात. जवळ उभ्या असलेल्या आईला यातले काहीही माहीत नसते. तिला एवढेच दिसते की आधीच्या मुलाच्या नळीमागे रेघा होत्या आणि आपल्या लेकराच्या नळीमागे नाहीत.

आता आठव्या महिन्यातली ती रात्र आठवा. त्या नळीत जे घडले, तेच तुमच्या लेकीच्या बोटांत घडत होते. लाल पेशींनी हाडांना प्राणवायू दिला की आतल्या सिकल हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे लांब ताठ तंतू बनतात, पेशी वाकडी आणि कडक होते, आणि अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून राहतात. हातापायांच्या चिमुकल्या हाडांना रक्त मिळेनासे होते, ती सुजतात आणि असह्य दुखतात. सिकलसेल असलेल्या तान्ह्या बाळांत आजाराचे पहिले लक्षण बऱ्याचदा हेच असते. पहिले सहा महिने बाळ गुटगुटीत होते ही तुमची आठवणही अचूक आहे. गर्भात असताना बाळाच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असते. ते सिकल हिमोग्लोबिनच्या तंतूंत सामील होत नाही. जन्मानंतर काही महिने ते पुरेसे टिकून राहते आणि बाळाला सांभाळते. ते ओसरू लागले की आजार डोके वर काढतो. हसतेखेळते मूल एका रात्रीत विव्हळू लागलेले पाहून सासूबाईंना दृष्टीची शंका आली, यात नवल काहीच नाही. त्यांनी पाहिले ते खरेच होते, कारण मात्र निराळे होते. हे तुम्ही व्यासपीठावर अशाच शब्दांत सांगितलेत, तर सासूबाईंचा मान राखला जाईल आणि श्रोत्यांत बसलेल्या आयांनाही आपल्याला कुणी अडाणी म्हणत नाही याची खात्री पटेल.

तुम्ही शास्त्रज्ञ नाही, याची चिंता करू नका. या आजाराचा वैद्यकीय इतिहास सुरू होतो तो १९१० साली शिकागोत. जेम्स हेरिक या डॉक्टरांनी त्या वर्षी एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात आढळलेल्या विळ्याच्या आकाराच्या लांबट पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या पेशी आधी पाहिल्या होत्या त्यांचे तरुण सहकारी अर्नेस्ट आयरन्स यांनी. तो विद्यार्थी कॅरिबियन बेटांपैकी ग्रेनाडाचा होता आणि दंतवैद्यकी शिकायला अमेरिकेत आला होता. लेखात त्याच्या पेशींची छायाचित्रे छापली गेली, त्याचा ताप, त्याचा खोकला, त्याच्या पायांवरच्या जखमा यांची नोंद झाली. नाव मात्र कुठेही नव्हते. वॉल्टर क्लेमेंट नोएल हे त्याचे नाव जगाला कळायला अनेक दशके लागली. शिक्षण पुरे करून तो मायदेशी परतला, तिथे दातांचा दवाखाना चालवला आणि १९१६ मध्ये, ऐन तारुण्यात, न्यूमोनियाने वारला. त्याच्या रक्ताविषयी शंभर वर्षांहून अधिक काळ लिहिले जात आहे. पण ते दुखणे अंगावर काढताना, परीक्षा देताना, परक्या थंडीत राहताना त्याला काय वाटत होते, हे त्याच्या शब्दांत कुठेही उपलब्ध नाही. डॉक्टरांनी लिहायचे ते डॉक्टर लिहितात. रुग्णाच्या घरातली बाजू घरातल्या माणसाने सांगितली नाही, तर ती कुणीच सांगत नाही. तुमचा अधिकार तो आहे, आणि तो पुरेसा आहे.

पण हाच अधिकार कुठे संपतो, हेही नीट पाहायला हवे. सासूबाईंचे म्हणणे तुम्ही थोडक्यात लिहिले आहे आणि त्यात थोडा वैतागही डोकावतो. मला मात्र त्यांची भीती निराधार वाटत नाही. हृदयविकाराची किंवा अपघाताची गोष्ट सांगणारा माणूस बहुतेक स्वतःपुरते बोलतो. आनुवंशिक आजाराची गोष्ट तशी राहत नाही. मुलगी एसएस आहे, असे तुम्ही सभागृहात सांगितले की विज्ञानाचा थोडाफार अभ्यास असलेला श्रोता लगेच हिशोब मांडू शकतो. मुलीला सिकलचे एक जनुक आईकडून आले आणि एक वडिलांकडून; म्हणजे तुमचे यजमान वाहक. यजमान वाहक, म्हणजे तुमच्या सासू-सासऱ्यांपैकी निदान एक जण वाहक. आणि तसे असेल, तर ननंद वाहक असण्याची शक्यता निदान निम्मी. ननंदेचे नावही न घेता तुम्ही तिच्याविषयी एवढे सांगून मोकळ्या झालेल्या असाल. हाच हिशोब तुमच्या माहेरच्या भावंडांनाही लागू होतो. त्यांचा उल्लेख पत्रात नाही, म्हणून मुद्दाम आठवण करून देते.

अमेरिकेतल्या लॅक्स कुटुंबाला याचा फार कडवट अनुभव आला. हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय महिला १९५१ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वारली. उपचार चालू असताना तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या आणि हेला पेशी या नावाने जगभर संशोधनात वापरल्या गेल्या. कुटुंबाला याचा पत्ता लागायला वीसहून अधिक वर्षे गेली. पुढे २०१३ साली त्या पेशींचा संपूर्ण जनुकीय आराखडा कुटुंबाची परवानगी न घेता खुला केला गेला, तेव्हा नातवंडांनी विचारले की आजीच्या रक्तामांसाबरोबर आमचीही माहिती जगापुढे गेली, त्याचे काय? त्यानंतर त्याच वर्षी झालेल्या करारानुसार ही माहिती कुणाला द्यायची ते ठरवणाऱ्या समितीत लॅक्स कुटुंबातल्या दोघांना स्थान मिळाले. मोठ्या संस्थांना जी गोष्ट उशिरा कळली, ती तुमच्या सासूबाईंना पुस्तक न वाचता कळली आहे. त्यांना तुम्ही तसे बोलूनही दाखवा.

यातून मार्ग असा काढता येईल. भाषणाचा विषय बाजूला ठेवून आधी ननंदेशी बोला, आणि एकटीशीच बोला. तिची तपासणी झाली आहे का ते विचारा. झाली नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ती मोफत होते. नळीची चाचणी पॉझिटिव्ह आली तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी चाचणी करून पक्के निदान होते. ही तपासणी तिने तुमच्या भाषणासाठी करायची नाही. तुम्ही भाषण रद्द केले तरी लग्नाआधी ती व्हायलाच हवी. ती वाहक निघाली तरी ती आजारी नाही, आणि होणारा नवरा एए, म्हणजे सिकलचे जनुक नसलेला, असेल तर त्यांच्या एकाही अपत्याला एसएस होणार नाही. प्रश्न येतो तो नवऱ्यातही सिकलचे जनुक असेल तेव्हा. हे तिला स्वतःला आधी कळू द्या. कुणाला सांगायचे आणि केव्हा सांगायचे, ते तिच्यावर सोडा. तिच्या लग्नाची बोलणी ऐन रंगात असतील आणि तिने काही महिने थांबायची विनंती केली, तर थांबा. जागतिक सिकलसेल दिन १९ जूनला असतो. महाविद्यालय तेव्हाही कार्यक्रम ठेवू शकेल. मात्र ‘कधीच बोलू नकोस’ हे मागणे तुम्ही मान्य करावे, असे मला वाटत नाही. थांबायला मुदत असावी.

मुलीच्या बाबतीत मी अधिक कठोर आहे. “तुला वाटेल ते कर” हा होकार नव्हे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आईला उघड नाही म्हणत नाही, तेव्हा असेच काहीतरी बोलते. ती त्याच महाविद्यालयात शिकते, म्हणजे समोर तिच्याच वर्गातली मुले बसलेली असतील; दुसऱ्या दिवशी त्यांच्यात जाऊन बसायचे आहे ते तिला, तुम्हाला नव्हे. तिच्या आजाराविषयी मैत्रिणींना किती ठाऊक आहे, हे बहुधा तुम्हालाही पूर्ण माहीत नसेल. म्हणून भाषण आधी कागदावर लिहून काढा, तो कागद आणि एक पेन्सिल तिच्या हाती द्या, आणि तिला सांगा की तुला नको वाटेल ते खोड, कारण सांगायची गरज नाही. तिने खोडलेले वाक्य कितीही चांगले असले तरी परत आणू नका. कदाचित ती तुम्ही चुकीचे लिहिलेले काही दुरुस्तही करेल, कारण दुखणे उठते तेव्हा नक्की कसे वाटते हे तिच्याइतके कुणालाच माहीत नाही. आणि तिने सगळाच कागद परत केला, तर भाषण होणार नाही. ही अट तिला आधीच, स्पष्ट शब्दांत सांगा, म्हणजे तिला तुमच्या हिरमोडाचा विचार करावा लागणार नाही.

तिने परवानगी दिली तरी गोष्ट तुमची ठेवा. तिच्या वेदनांचे वर्णन करण्यापेक्षा तुम्ही काय पाहिले, काय समजलात, काय समजला नाहीत, ते सांगा. बोटे तिची होती, पण नळीसमोर उभ्या तुम्ही होतात.

समाजाविषयीच्या तुमच्या भीतीवर मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण विदर्भात हा प्रश्न आजाराइतकाच बोचरा आहे. आपल्याकडे काही आदिवासी जमातींत, अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांपैकी काहींत सिकलचे जनुक अधिक आढळते, हे खरे आहे. त्याला कुणाच्या राहणीमानाशी, स्वच्छतेशी किंवा खाण्यापिण्याशी जोडणे मात्र साफ खोटे आहे. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की ज्या मुलांत सिकलचे एकच जनुक असते, म्हणजे जी एएस असतात, त्यांचा घातक हिवतापापासून बऱ्याच अंशी बचाव होतो. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने मुले दगावत होती, तिथे एएस मुले अधिक संख्येने जगली, मोठी झाली, त्यांना मुले झाली, आणि ते जनुक टिकून राहिले. भारतात हा आजार प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगराळ भागातल्या आदिवासींत नोंदला गेला. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीसचा काही भाग, इथेही तो आहे, आणि या सर्व प्रदेशांचा हिवतापाशी जुना संबंध आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जंगलांच्या, तलावांच्या मुलखात राहणाऱ्यांना हिवताप काय असतो हे वेगळे सांगायला नको. तुमच्या पूर्वजांपैकी कुणीतरी लहानपणी हिवतापातून वाचले, बहुधा याच जनुकामुळे वाचले, आणि म्हणून आज तुम्ही आहात. ज्या एका जनुकाने त्यांना तारले, त्याच्याच दोन प्रती एकत्र आल्या की मूल आजारी पडते. लोकांनी बोट दाखवले, तर त्यांना ही हकिकत सांगा. तुम्ही न बोलल्याने ती बोटे खाली जाणार नाहीत, हेही अनुभवाने सांगते. प्रयोगशाळेत आडनाव पाहून आधीच निष्कर्ष काढणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि ‘आमच्यात हे नसतेच’ असे म्हणणाऱ्या घरांतले पॉझिटिव्ह अहवालही पाहिले आहेत.

सांधेवात सांगणाऱ्या डॉक्टरांचा उल्लेख जरूर करा, मात्र त्यांचे नाव, गाव, दवाखाना यांपैकी काहीही सांगू नका. सुजलेले सांधे, ताप, रडणारे मूल, या चित्रावरून सांधेवाताची शंका येणे सहज शक्य आहे आणि रक्ताची एक चाचणी केल्याशिवाय फरक कळत नाही. तुमच्या श्रोत्यांत उद्याच्या परिचारिका असतील, आशा कार्यकर्त्या असतील, एखादा डॉक्टरही होईल. हातापायांची सूज असलेले तान्हे मूल समोर आले की सिकलची चाचणी करायची, एवढे त्यांच्या लक्षात राहिले तर त्या चुकीचे चीज झाले. बाबांच्या फेऱ्यांचेही तसेच आहे. ते लपवू नका आणि त्यावर स्वतःला दोषही देऊ नका. तेव्हा किती पैसे गेले, काय आशा होती, दुखणे अधूनमधून आपोआप थांबत असल्यामुळे अंगाऱ्याने गुण आला असे का वाटले, ते जसेच्या तसे सांगा. सिकलसेलचे दुखणे उठते आणि ओसरते. ओसरण्याच्या आदल्या दिवशी जो कुणी भेटलेला असतो, त्याला श्रेय मिळते. समोर बसलेल्यांपैकी काही घरांत आजही कुणीतरी अशाच फेऱ्या मारत असेल, आणि शिक्षिका स्वतः हे सांगते आहे म्हटल्यावर त्यांना तपासणीला जायला संकोच वाटणार नाही.

अहवालाची वाट पाहण्याचे ते कित्येक आठवडे भाषणातून गाळू नका. नळी गढूळ झाली म्हणजे रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. मूल एएस आहे की एसएस, ते त्या चाचणीतून कळत नाही. त्या काळात तुम्ही मधल्यामध्ये लोंबकळत होता. आज तुम्हाला सगळे ठाऊक आहे म्हणून तेव्हाही ठाऊक होते, असा सूर लागू देऊ नका. खरी गोष्ट सांगणाऱ्याकडून नकळत घडणारा सर्वांत मोठा खोटेपणा हाच असतो. त्या दिवसांत तुम्हाला काय वाटत होते ते आठवत नसेल, तर आठवत नाही असे म्हणा. बाकीचे शास्त्र फार भरू नका. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी केवळ सहाव्या जागी झालेला बदल शोधला, एवढी माहिती एका वाक्यात पुरे. एका बाबतीत मात्र अतिशय काटेकोर राहा. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता चारात एक असते, आणि ती प्रत्येक वेळी नव्याने असते. ‘चार मुलांपैकी एकाला होतो’ असे सांगितले की पहिले मूल आजारी असलेली जोडपी पुढच्या तिघांविषयी निर्धास्त होतात. अशी जोडपी मी पाहिली आहेत, म्हणून पुन्हा सांगते, हे वाक्य तोंडपाठ करा.

दुसऱ्या खेपेच्या तपासणीविषयी. त्यात काय निघाले आणि तुम्ही दोघांनी काय ठरवले, ते तुम्ही लिहिलेले नाही, आणि मी विचारणार नाही. अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेतल्या पेशी तपासून गर्भाला सिकलसेल आहे का ते पाहता येते, १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याने अशा रक्तदोषांच्या तपासणीला मुभा दिली आहे, गर्भाचे लिंग सांगणे मात्र गुन्हाच आहे, एवढी माहिती तुम्ही तटस्थपणे देऊ शकता; ती अनेकांना नसते. तुमचा स्वतःचा निर्णय सांगण्याला मी आज तरी विरोध करेन. त्यावर यजमानांचा तुमच्याइतकाच हक्क आहे, आणि “तू ठरव” म्हणताना त्यांच्या मनात हा भाग होता का, ते तुम्ही विचारलेले दिसत नाही. शिवाय निर्णय कोणताही असो, तो ऐकणारी तुमची एसएस लेक समोर किंवा घरी असेल, आणि तिला त्यातून स्वतःविषयी काय अर्थ लागेल याचा विचार व्यासपीठावर करता येत नाही. तो विषय घरात, तिच्याशी, कधीतरी निवांत बोलण्याचा आहे. भाषणात तो भाग वगळा, पण त्याच्या जागी दुसरे काही रचून घालू नका. कुणी थेट विचारलेच, तर “ही तपासणी उपलब्ध आहे, तिच्याविषयी मी सांगितले, आमच्या घराचा निर्णय आमच्या घरापुरता ठेवते,” असे म्हणा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. हे वाक्य आधी दोन-चारदा मोठ्याने म्हणून पाहा, म्हणजे ऐनवेळी आवाज कापणार नाही.

विज्ञान दिनाला श्रोत्यांना ‘विज्ञानाने सगळे ठीक केले’ असा शेवट ऐकायला आवडतो. तो तुम्ही देऊ नका, कारण तो खरा नाही. तुमच्या मुलीला हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल, तर ते औषध गर्भावस्थेतल्या त्या जुन्या हिमोग्लोबिनचे प्रमाण पुन्हा वाढवते, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत जे निसर्गाने केले त्यातले थोडे ते करते, आणि त्यामुळे दुखणे उठण्याचे प्रमाण घटते. आजार मुळातून जात नाही. गोळी रोज घ्यावी लागते, रक्त ठरावीक काळाने तपासावे लागते, पाणी भरपूर प्यावे लागते, ताप अंगावर काढून चालत नाही. काहींना अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने बरे करता येते, पण जुळणारा दाता लागतो. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरमध्ये जनुक संपादनावर आधारित उपचाराला मान्यता दिली. तोही गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जागे करण्याच्याच तत्त्वावर आहे. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. प्रश्नोत्तरांत कुणीतरी मोबाइलवर वाचलेली ही बातमी काढेलच. तेव्हा किंमतही सांगा. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाच्या हाती आज काय आहे, त्यावर अधिक बोला. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, हेही पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

आयोजक उत्साहाने म्हणतील की भाषणानंतर लगेच त्याच सभागृहात तपासणीचे टेबल मांडू. त्यांना नम्रपणे नको म्हणा. नुकतेच तुमचे ऐकून रांगेत उभा राहिलेला प्रत्येक जण सगळ्यांना दिसतो, आणि कुणाच्या नळीमागच्या रेघा पुसल्या गेल्या ते शेजारच्यालाही दिसते. तपासणी दुसऱ्या दिवशी, आरोग्य विभागाच्या मदतीने, एकेकाला आत बोलावून आणि समुपदेशकाच्या उपस्थितीत व्हावी, अहवाल ज्याचा त्याच्याच हाती बंद पाकिटात द्यावा, असा आग्रह धरा. तेवढे मान्य होत असेल तरच प्राचार्यांना तारीख कळवा, आणि त्याआधी ननंदेला फोन करा.